हवा लागली नव्हती

उर्दू आणि मराठी, दोन्ही शिकवत असल्यामुळे शब्दांची मुळं खणायची मला खोड आहे. उर्दूतला ‘फालिज’ अरबीतून आला. त्याच्या धातूचा अर्थ चिरणं, दुभागणं. मराठीतला ‘अर्धांगवायू’ सांगतो की अर्ध्या अंगात वायू शिरला. आमच्या मोहल्ल्यात ‘हवा लगी’ म्हणतात आणि पलीकडच्या गल्लीत ‘अंगावरून वारं गेलं’. या एका बाबतीत हिंदू-मुसलमान अगदी एकमताने चुकतात. या कोणत्याच शब्दात मेंदू नाही. दिसतो तो लुळा पडलेला हात, म्हणून तेल हाताला चोळलं जातं.

माझ्या खालाच्या बाबतीत हेच झालं. गावी फजरची नमाज पढून ती चहा घेत होती. उजव्या हातातून कप निसटला, तोंड एका बाजूला ओघळलं, बोलणं जड झालं. तेव्हा साडेसहा वाजले होते. कोणी लसूण घालून तेल गरम केलं. कोणी कबुतर आणायला धावलं, कारण कबुतराचं गरम रक्त चोळलं की लकवा उतरतो अशी समजूत आहे. एरवी कपड्यावर रक्ताचा थेंब पडला तरी कपडा नापाक म्हणून धुणारी ही माणसं! जिल्ह्याच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजले.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं?” तो का विचारला, ते मला नंतर कळलं. स्ट्रोकच्या दहापैकी साधारण आठ रुग्णांत मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, उरलेल्यांत ती फुटते. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. फरक सीटी स्कॅनमध्ये कळतो. म्हणून घरी अ‍ॅस्पिरिन देऊ नये, रक्तस्राव असेल तर तो वाढेल. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठ्या शहरांत काही रुग्णांची गुठळी नळी घालून काढतात, त्याला मुदत थोडी जास्त मिळते. पण मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे 19 लाख पेशी मरतात. तेल गरम होईपर्यंत किती गेल्या असतील, याचा हिशोब मी करत नाही.

खाला आता काठीने चालते. अडचण बोलण्याची आहे. उजवी बाजू गेली म्हणजे मार मेंदूच्या डाव्या भागाला बसला, आणि बहुतेक माणसांची भाषा तिथेच असते. तिला पाणी मागता येत नाही, ‘पानी’ हा शब्दच सापडत नाही. पण कोणी सूरह फातिहा सुरू केली की ती अखेरपर्यंत म्हणते, एक अक्षर न चुकता. बायका म्हणतात, कुराणाची बरकत. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं पाठ असलेलं बोलणं अनेकदा असंच शाबूत राहतं. कुणाची गाणी राहतात, कुणाच्या शिव्यासुद्धा! मी वाद घालत नाही. पण तहान लागली की ती नुसती माझ्या तोंडाकडे पाहत राहते.

आता पालकसभेत हजेरी आणि गणवेशाचं बोलून झालं की मी फळ्यावर दोन्ही लिप्यांत चार शब्द लिहितो: तोंड, हात, बोली, वेळ. हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का पाहा. दोन्ही हात उचलायला लावा, एक खाली घसरतो का? एक साधं वाक्य म्हणायला सांगा. अचानक तोल गेला, दिसेनासं झालं किंवा कधी नव्हतं इतकं डोकं दुखलं, तरी हीच शंका घ्या. यांपैकी एक खूणही पुरे. घड्याळ पाहून वेळ लिहा, 108 ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या दवाखान्यातच न्या. पाण्याचा घोटही देऊ नका. गिळण्याची ताकद गेलेली असली तर पाणी फुप्फुसात जातं. रमजानमध्ये रोजे आहेत म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करणारे पुष्कळ आहेत. गोळीच्या वेळा डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्या, हेही मी सांगतो.

मागच्या सभेत सातवीतल्या एका मुलीची आई उठून म्हणाली, “सर, इनके अब्बा का हाथ परसों दस मिनट सो गया था, फिर ठीक हो गया. अब तो कुछ नहीं ना?”

गुठळी थोडा वेळ अडकून सुटली तर असंच होतं. मोठा झटका पुढच्या एक-दोन दिवसांतही येऊ शकतो. मी तिला म्हटलं, “आपा, सभा राहू द्या. त्यांना घेऊन आत्ता निघा.”