जाणाऱ्यांची यात्रा, राहणाऱ्यांची यात्रा

सोलापूर जिल्ह्यात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला यात्रा म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. आषाढात पंढरीच्या वाटा माणसांनी फुलून जातात. अक्कलकोट आणि तुळजापूरही हाकेच्या अंतरावर. वारीला निघालेले शेजारी आम्हांला सहज विचारतात, "तुमचे पंढरपूर कोणते हो?" प्रश्न निर्मळ असतो, पण उत्तर एका नावात मावत नाही.

आमच्यातील काही कुटुंबे चेन्नईच्या लोहमार्गाने वेलांकणीला जातात, काही जुन्या गोव्याला. चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर 3 डिसेंबर 1552 रोजी देह ठेवलेल्या संत फ्रान्सिस झेवियरचे पवित्र अवशेष तेथे आहेत. दर दहा वर्षांनी होणारा त्यांचा दर्शनसोहळा 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाला.

परंतु मराठी ख्रिस्ती कष्टकऱ्यांचे पंढरपूर म्हणावे तर ते हरेगाव! श्रीरामपूर तालुक्यातील हे गाव एके काळी साखर कारखान्यामुळे ओळखले जाई. 1987 साली नाशिक धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत तेही आमच्याप्रमाणे पुणे धर्मप्रांतातच होते. सोलापूरहून दौंड, तेथे गाडी बदलून श्रीरामपूरचे बेलापूर स्थानक, मग पुढची वाट. तेथे ना डोंगर, ना समुद्र. आहे तो उसाचा मुलूख. सप्टेंबरात मरियेच्या जन्मसणाच्या सुमारास नव्हेना संपतो आणि मतमाउलीच्या दर्शनाला गावोगावची लेकरे गोळा होतात.

आमच्या मातोश्रींनी ही यात्रा पुष्कळ वर्षे केली. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि 2025 च्या सप्टेंबरात तर त्यांना एकटे ठेवणेही अशक्य झाले. थोरल्या बंधूंचा नवस फेडायचा होता. दोघांपैकी एकाने मागे राहणे भाग होते. "माझ्यापायी कोणाची मतमाउली चुकायला नको," असे मातोश्री पुनःपुन्हा म्हणत. अखेरीस त्यांची मेणबत्ती घेऊन बंधू गेले; आम्ही राहिलो.

त्या दिवशी मातोश्री घड्याळाकडे पाहत बोलत होत्या. "आता गाडी दौंडला असेल. आता मिरवणूक निघाली असेल." मग त्यांनी जपमाळ हाती घेतली. खाटेवर बसूनच त्यांनी सारी वाट आम्हांला चालवून आणली.

ते ज्युबिलीचे वर्ष होते. पोप फ्रान्सिस यांनी 24 डिसेंबर 2024 रोजी रोममध्ये पवित्र दार उघडले. त्यांच्या निधनानंतर पोप लिओ चौदावे यांनी ते 6 जानेवारी 2026 रोजी बंद केले. त्या वर्षाच्या विशेष कृपेविषयी ख्रिस्तसभेने जे नियम घालून दिले, त्यांत आजारी, वृद्ध आणि त्यांची अखंड सेवा करणारे यांनाही स्थान होते. घर सोडता येत नसले, तरी मनाने यात्रेकरूंशी एक होऊन प्रार्थना करणाऱ्यांना ती कृपा खुली होती. शिवाय आजारी, तुरुंगातील वा एकाकी माणसाची भेट ही त्याच्यात वसणाऱ्या ख्रिस्ताकडे केलेली यात्राच होय, असेही त्यांत सांगितले होते. या विचाराला आधार मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायाचा आहे.

याचा अर्थ हरेगावला जाऊ नये, असा मुळीच नाही. घर, धंदा, मान-अपमान मागे टाकून अनोळखी भाविकांच्या रांगेत उभे राहण्याचे मोल मोठे आहे. बालयेशूसुद्धा बारा वर्षांचा असताना आईबापांबरोबर वल्हांडण सणासाठी यरुशलेमेला गेला होता. मात्र यात्रेची बस ठरविताना आपण जागा मोजतो, तशी घरेही मोजावीत, एवढेच आमचे म्हणणे. कोणाच्या घरी कोण मागे राहिले आहे, त्याला परमप्रसाद कोण नेणार, त्याच्याजवळ घटकाभर कोण बसणार, हे धर्मग्रामाने बस निघण्यापूर्वीच ठरवावे. ज्या धर्मग्रामाची बस भरते आणि मागे उरलेल्यांचे दारही वाजते, त्याची यात्रा पूर्ण झाली असे समजावे.