लोखंडी नांगर ते सायकलचं कोळपं

अहमदपूर, कंधार, लोहा या पट्ट्यातल्या काळ्या रानांत चैत्र लागला की पहाटेपासून नांगर चालायचे. लोखंडी नांगराला दोन-तीन बैलजोड्या लागायच्या. एका घरी एवढे बैल कुठून असणार? मग वारंगुळा व्हायचा. दोन दिवस तुमच्या रानात, दोन दिवस आमच्या. फाळ खोल जायचा, मोठमोठी ढेकळं उलटायची आणि कुंद्याच्या, हराळीच्या मुळ्या वर येऊन उन्हात वाळायच्या. लाकडी नांगराला हे जमत नसे. तो माती उकरायचा, पालथी घालायचा नाही.

हा नांगर आपल्याकडे रुजवणारा माणूस शेतकरी नव्हता. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण डोळ्यांना रंगांतला फरक नीट कळत नाही असं लक्षात आलं. मग यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले, व्हीजेटीआयमध्ये शिकवू लागले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा नोकरीवर पाणी सोडून बेळगावला परतले. तिथे भावासोबत सायकलींचं दुकान होतंच. कडबा कापायचं यंत्र केलं, मग नांगर. तो नांगर खपायला दोन वर्षं लागली. लोखंडानं जमिनीत विष भिनतं, असं लोक म्हणत. शेतकऱ्याला अडाणी ठरवून लक्ष्मणराव गप्प बसले नाहीत. माणसाला पटेपर्यंत दाखवत राहायचं आणि त्याची तक्रार खरी असेल तर वस्तू बदलायची, ही त्यांची रीत. माझ्या मते त्यांचा सगळ्यात मोठा शोध हाच.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला. निवडुंग माजलेला, सापांचा सुळसुळाट असलेला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, चरक, कडबा कुट्टी, पुढे १९२६च्या सुमाराला पंप आणि १९४६ मध्ये चिरंजीव शंतनुरावांच्या हातून ऑइल इंजिनांचा वेगळा कारखाना. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले. आमच्या भागात मोटेची धाव ओस पडत गेली आणि विहिरीवर इंजिन आलं, ते त्यांच्या पश्चात.

ते इंजिन सुरू करणं म्हणजे अंगातली सगळी ताकद पणाला लावणं. आधी पंपात पाणी भरायचं. फूट वॉल्व्ह गळत असला तर शेणकाला ओतायचा, म्हणजे फटी बुजायच्या. मग एका हातानं वरची खटकी उचलून धरायची, दुसऱ्या हातानं हँडल फिरवायचं. चाकानं वेग घेतला की खटकी सोडायची. धुराचा काळा लोट, धडधड, पट्ट्याची फटफट, आणि थोड्या वेळानं पाइपातून थारोळ्यात कोसळणारं पाणी. वडीलधारी माणसं पहिल्या ओंजळीला हात लावून नमस्कार करत. बिघाड झाला तर गावातलाच कुणीतरी पान्हा घेऊन बसायचा. गोणपाटावर एकेक भाग मांडून साफ करायचा, पुन्हा जोडायचा. यंत्र उघडता येत होतं म्हणून ते आपलं वाटायचं.

आज मोबाइलवरून मोटार चालू होते. मोटार बोअरच्या पोटात कुठंतरी शेकडो फूट खाली असते, दिसत नाही, आवाज करत नाही. जळाली की क्रेन लावून उपसायची आणि शहरात रिवायंडिंगला न्यायची. रात्री-अपरात्री रानात जाण्याचा जाच गेला, याचं मला मनापासून समाधान आहे. हँडल उलटं बसून मनगट मोडलेली माणसं मी पाहिली आहेत. नांदेडला विष्णुपुरीत पंपांनी उचललेलं गोदावरीचं पाणी शिवारात जातं, तेही याच विद्येचं फळ. पण विहिरीत डोकावलं की पाणी किती उरलं ते दिसायचं. बोअरमध्ये काहीच दिसत नाही. आपण आंधळेपणानं उपसत गेलो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. किर्लोस्करवाडी ज्या सांगली जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यातून. पाणी उपसायचं यंत्र देणाऱ्या मुलखाकडेच आम्हाला पाणी मागावं लागलं, ही गोष्ट मला आजही लागते. दोष यंत्राचा नव्हता. ते किती वेळ चालवायचं, हे ठरवणं आमच्या हाती होतं.

बैल गेले, वारंगुळा गेला. एक गोष्ट मात्र राहिली आहे आणि तिचा मला फार आनंद वाटतो. सोयाबीनच्या, कपाशीच्या ओळींत आता माणूस स्वतः ढकलतो ते सायकलचं कोळपं फिरतं. जुन्या सायकलचं चाक, हँडल, खाली लोखंडी पास. गावातला वेल्डिंगवाला करून देतो. शेतकरी दोन दिवसांनी परत येतो, म्हणतो, “भाऊ, पास आडवी लई होतीया, पीक तुटालंय.” वेल्डिंगवाला वाद घालत नाही. गॉगल चढवतो, पास कापतो, दोन बोटं आत घेऊन पुन्हा डाग देतो आणि म्हणतो, “आता बघा चालवून. नाय जमलं तर उद्या या.”