भुलीची सुई आणि आम्ही भावंडं

1970 च्या दशकात साताऱ्याच्या घरात एकत्र वाढलेल्या आम्हा चुलत-आते भावंडांच्या दातदुखीवरचे इलाज ठरलेल्या क्रमाने व्हायचे. आधी आजी दाढेखाली लवंग धरायला लावायची. मग लवंगतेलात बुडवलेला कापसाचा बोळा दाढेच्या खड्ड्यात दाबून बसवायची. आजीच्या उपायात तथ्य होतं. लवंगेतलं युजेनॉल दुखरी नस काही वेळ खरोखर बधिर करतं, आणि दंतवैद्यसुद्धा ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दाढेत तात्पुरतं सिमेंट भरतात. बोळा सरकला की मात्र हिरडी पोळायची. हलणारे दुधाचे दात हा काकांचा प्रांत. दोऱ्याचं एक टोक दाताला, दुसरं दाराच्या कडीला. पडलेला दात कौलांवर फेकायचा, की नवा उंदराच्या दातासारखा बळकट येतो.

एवढ्यानं भागलं नाही तरच दवाखाना. तिथं स्टीलच्या डब्यात काचेची सिरिंज उकळत असायची आणि तो खुळखुळाट बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू यायचा. ‘काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल,’ असं काकू सांगायची. मग एकानं हात धरायचे, एकानं डोकं. त्याच त्या उकळून वापरलेल्या सुया बोथट झालेल्या असत. थोरल्या दादाची दुधाची दाढ तर भूल न देताच ओढली. ‘पडणारच आहे, त्याला कशाला सुई?’ असं मोठ्यांचं एकमत झालं होतं. त्या दिवसाचा दादाचा आवाज आम्हा सगळ्यांना आठवतो.

मला याचा राग एवढ्यासाठी येतो, की औषध तेव्हाही होतं. जर्मनीत आल्फ्रेड आइनहॉर्ननं शोधलेलं प्रोकेन 1905 पासून वापरात होतं. स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेननं 1943 मध्ये लिग्नोकेन तयार केलं आणि 1948 मध्ये ते झायलोकेन नावानं बाजारात आलं. आपल्याकडचा दंतवैद्यांचा कायदाही त्याच 1948 चा. म्हणजे आमच्या जन्माआधीच हे सगळं जागेवर होतं. मुलाच्या दुखण्याला मोठ्यांच्या दुखण्याइतकं खरं मानायची तयारी तेवढी नव्हती.

आमची पुतणी आता लहान मुलांची दंतवैद्य आहे. दिवाळीला सगळे जमलो की आमची ही आठवण निघते आणि ती आपल्या कामाबद्दल सांगते. औषध आजही बहुधा तेच, दोन टक्के लिग्नोकेन, रक्तस्राव कमी व्हावा आणि बधिरपणा टिकावा म्हणून किंचित अ‍ॅड्रिनलिन घातलेलं. बदलली आहे ती द्यायची रीत. आधी हिरडी कोरडी करून तिच्यावर बधिर करणारं जेल लावायचं आणि एक-दोन मिनिटं चक्क थांबायचं. हे थांबणं मला फार मोलाचं वाटतं. मग केसासारखी बारीक, एकदाच वापरायची सुई. गाल बोटांनी हलवत राहायचं आणि औषध अगदी सावकाश सोडायचं, कारण दुखतं ते टोचण्यापेक्षा औषध जोरात ढकलल्यानं जास्त.

मुलाचं वजन आधी विचारायचंच. किलोमागे 4.4 मिलिग्रॅम ही वरची मर्यादा. 15 किलोच्या मुलासाठी ती 66 मिलिग्रॅम होते, आणि 1.8 मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये 36 असतात. म्हणजे दोन पूर्ण कार्ट्रिजही जास्तच. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, तिथं दाताशेजारी टोचलं तरी पुरतं. खालच्या जबड्यात बऱ्याचदा अख्खी नस बधिर करावी लागते, आणि लहान मुलात ती हाडात शिरते ती जागा मोठ्यांपेक्षा खाली असते. म्हणून सुईचा रोखही खाली धरायचा. लहान मूल म्हणजे छोटा मोठा माणूस नव्हे, हे ती आम्हाला दरवर्षी ऐकवते. काम झालं की आईला ताकीद, दोन-तीन तास लक्ष ठेवा. ओठ जड झालेला असतो, मूल गंमत म्हणून तो चावत बसतं आणि भूल उतरल्यावर तिथं जखम दिसते.

‘दुखणार नाही’ असं मात्र ती कुणालाच सांगत नाही. दाताला झोपवायचं औषध देणार आहे, थोडं दाबल्यासारखं होईल, नको वाटलं तर हात वर कर, असं सांगते. हात वर झाला की ती खरोखर थांबते. आमच्या वेळी वर करायला हात मोकळेच नसायचे.

दादा साठी ओलांडेपर्यंत पुन्हा कुठल्याही दंतवैद्याच्या खुर्चीत बसला नव्हता. दोन दाढा गेल्या, एका बाजूनं जेवणं अंगवळणी पडलं, तरी नाही. गेल्या वर्षी पुतणीनं त्याला स्वतःच्या दवाखान्यात नेलं, भिंतीवरच्या हत्ती-ससोबांसमोर बसवलं आणि मुलांना करते ते सगळं केलं. जेल लावलं, थांबली, सांगून टोचलं. मध्ये त्यानं एकदा हात वर केला. ती थांबली. आता तो दर सहा महिन्यांनी स्वतःहून जातो, आणि आमच्या आतेबहिणीनंही परवा त्याच्यामागे नंबर लावला आहे.