दादरच्या पुढचे दहा किलोमीटर

विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर. त्यातले पन्नास आईने बावीस वर्षं जवळजवळ रोज केले. उरलेले दहा एकदाही नाही.

आमचं घर वटारला. वाडीत चाफा, मोगरा, जास्वंद. आई पहाटेच्या लोकलने फुलांची टोपली घेऊन दादरच्या फुलबाजारात जायची आणि माल संपला की तशीच परत फिरायची. माझी इंजिनिअरिंगची फी, धाकटीचं बीकॉम, घरावरची स्लॅब, सगळं त्या टोपलीतून निघालं. दोन वर्षांपूर्वी गुडघे बोलायला लागले, तेव्हा तिने जाणं थांबवलं.

मी बंगळुरूला नोकरी करतो. दिवाळीत घरी आलो तेव्हा म्हटलं, चौघं मिळून कुठेतरी जाऊ. केरळ, राजस्थान, म्हणशील तिथे. आई म्हणाली, "मुंबई."

आम्ही हसलो.

"हसता काय? मी मुंबई बघितलीय कुठे? मी दादर बघितलंय."

बाबांची मुंबई तर परळच्या हॉस्पिटलापलीकडे गेलेली नव्हती. मग मी फोर्टात दोन रात्रींचं हॉटेल बुक केलं, त्यावरून घरात दोन दिवस वाद. "रात्रीच्या विरार गाडीने घरी यायचं, सकाळी परत जायचं. झोपायला कशाला पैसे?" हे आईचं म्हणणं. खरं सांगायचं तर हिशेब तिचाच बरोबर होता.

निघालो त्या दिवशी आई तीनलाच उठून बसली होती. मी एक्सेलमध्ये दिवसाचं वेळापत्रक केलं होतं (हो, मी तो माणूस आहे). त्यात आमची गाडी साडेनऊची होती.

बाबा आणि मी जनरलमध्ये, त्या दोघी लेडीजमध्ये. पुढचं बहिणीकडून कळलं. नायगावला एक बाई चढली आणि आईकडे बघून ओरडलीच, "मावशी! टोपली कुठाय?" आई म्हणाली, "आज मीच माल." डबा हसला. मग गाडी दादरला थांबली आणि आई उठून दाराकडे चालायला लागली. मध्येच थांबली. तिच्या जागेवर तोपर्यंत दुसरी कोणी बसली होती, त्यामुळे चर्चगेटपर्यंत ती खिडकीच्या बाजूने उभीच राहिली.

चर्चगेटला उतरल्यावर सगळे बाहेर धावतात. आई उलट प्लॅटफॉर्मच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. तिथे रूळ संपतात.

"म्हणजे इथून पुढे नाहीच?"

"नाही."

"आणि मला वाटायचं, दादरनंतर गाडी कुठल्या कुठे जात असेल."

ओव्हल मैदान, राजाबाई टॉवर हे चालता चालता झालं. आईच्या गुडघ्यांमुळे वेळापत्रक अकरालाच कोलमडलं. गेटवेला मी माहिती सांगायला लागलो. राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात इथे उतरले, त्यांच्या आठवणीसाठी ही कमान, पण ती उघडली १९२४ साली. बाबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे पाहुणे जाऊन तेरा वर्षं झाल्यावर मांडव?" आईचं कमानीकडे लक्षच नव्हतं. ती एका गजरेवालीपाशी थांबली होती. कळी दोन बोटांत दाबून बघितली, माझ्या कानाशी म्हणाली, "कालचा आहे." आणि भाव न करता दोन गजरे घेतले.

मग म्युझियम, छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. ते मी मुख्यतः सावली आणि बाकं आहेत म्हणून यादीत घातलं होतं. तिथे बाबा एका दगडासमोर अडकले. सम्राट अशोकाचा लेख, ब्राह्मी अक्षरं. सापडल्याचं ठिकाण: सोपारा.

"हे सोपारा म्हणजे आपलं? नालासोपारा?"

आपलंच. मी बाकावर बसून फोनवर शोधलं. सोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली मिळाला आणि नवव्याचा १९५६ साली भुईगावला. भुईगावला आमच्या ओळखीची अर्धी माणसं राहतात. शाळेत अशोक म्हणजे पाटलीपुत्र आणि कलिंग. आमच्या शेजारचं गाव कोणी सांगितलं असतं तर इतिहासात चार मार्क जास्त पडले असते.

आठवा लेख तर फिरायला जाण्याबद्दलच आहे. आधीचे राजे मौजेखातर, शिकारीसाठी फिरत. अशोक राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी बोधगयेला गेला आणि तेव्हापासून त्याच्या फिरण्यात वृद्धांना भेटणं, खेड्यातल्या माणसांना भेटणं आलं. मी हे वाचून दाखवलं. आई दगडाकडे बघत म्हणाली, "आपल्याकडचा दगडसुद्धा माझ्याआधी पोचला इथे."

एक गोष्ट मी कधी कोणाला सांगितलेली नाही. फर्स्ट इयरला असताना कॉलेजला जायला मी दादरला गाडी बदलायचो. एकदा मित्रांबरोबर पूल चढत होतो आणि समोरून आई आली, डोक्यावर रिकामी टोपली, पदर खोचलेला. मी मान खाली घालून फोनमध्ये बघत राहिलो. ती बाजूने निघून गेली. संध्याकाळी घरी तिने नेहमीसारखं जेवायला वाढलं, आणि मी ठरवलं की तिने मला बघितलंच नसणार. दहा वर्षं मी तेच धरून बसलो होतो. तिच्या बाजारात मात्र मी कधीच गेलो नाही.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. बहीण फोटो काढत होती, बाबा चण्यांची पुडी सोलल्यासारखी हळूहळू उलगडत होते. मी उद्याचं वेळापत्रक उघडलं.

"उद्याचं ते राहू दे," आई म्हणाली. "उद्या मी दाखवते. पहाटे दादरला जाऊ, बाजार भरताना बघण्यासारखा असतो. पुलावरून खाली उतरलं की पुढे मी नेते."

मग समुद्राकडे बघतच म्हणाली, "पूल तुला माहीत आहे."

"हो," मी म्हटलं.

रूमवर आल्यावर गजर लावला, साडेतीनचा.