सह्याद्रीच्या अंगावरची वर्तुळं : भाग दुसरा

शुक्रवार, महाबळेश्वर

पसरणीचा घाट चढून गाडी पाचगणीपुढे गेली, तसा उन्हाचा चटका उतरला. वनस्पतिशास्त्राचे निवृत्त शिक्षक असलेले मामा आणि त्यांची कॉलेजात शिकणारी भाची कालपर्यंत माणदेशात होती. तिथे वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. त्याच सातारा जिल्ह्यातल्या या माथ्यावर साडेपाच हजारांच्याही वर. एवढ्या पाण्यावर झाडं ताडमाड वाढली असतील, असा भाचीचा होरा होता. प्रत्यक्षात जांभ्यावरची अंजनी, जांभूळ, पिसा सगळी बुटकी, वाऱ्याने वाकलेली. पण भर वैशाखात हिरवीगार.

"मामा, यांच्या खोडातली वर्तुळं ठसठशीत असणार ना?"

"उलट. जे झाड वाढायचं धडपणे थांबतच नाही, ते रेघ कुठे मारणार?"

खोडातली रेघ उमटते ती वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्यावर. हिमालयातल्या देवदाराला थंडी थांबवते, म्हणून तिथली वर्तुळं आखीव. सदाहरित झाडांत ती पुसट असतात, मोजणाऱ्याला दगा देतात. पाऊस सर्वांत जास्त पडतो, तिथली झाडंच त्याबद्दल सर्वांत कमी सांगतात.

शनिवार, मणदूर

कराडवरून शिराळा, तिथून चांदोलीचं दार. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला.

मामांना हवं होतं ते झाड वाटेतच, बांधावर सापडलं: साग. दोन वळीव होऊन गेलेले, त्यामुळे निष्पर्ण फांद्यांच्या टोकाला कोवळी पालवी. भाचीने एक पान तळहातावर चोळलं, तर हात लालभडक.

पानगळ झाली की सागाच्या सालीखालचा एधा नावाचा जिवंत थर झोपी जातो. पावसाची चाहूल लागली की तो जागा होतो आणि घाईने मोठ्या छिद्रांची ओळ घालतो. पुढे छिद्रं बारीक, लाकूड घट्ट. पाऊस दगा देतो त्या वर्षी पट्टा अरुंद राहतो.

झाड न पाडता हे वाचायचं, तर पोकळ गिरमिट खोडात फिरवून पेन्सिलीएवढी कांडी काढतात. राखीव जंगलात त्याला परवानगी लागते. मामा-भाचीने नुसतं पाहिलं.

रविवार, सांगली

लाकडाच्या वखारीत मिस्त्रींनी सागाच्या ओंडक्याच्या कापावर पाण्याचा हात फिरवला. बाहेरचा फिकट पट्टा, आत सोनेरी गाभा आणि छिद्रांच्या ओळी लख्ख दिसू लागल्या.

"बाहत्तरचा दुष्काळ दाखवा की, मामा."

"अगं, झाड कधी तोडलं, कुठलं, ठाऊक आहे का आपल्याला?"

अडचण तेवढीच नाही. पावसात मोठा खंड पडला, तर साग एकाच वर्षात दुसरी, खोटी रेघ ओढतो. म्हणून एका ओंडक्यावर कुणी विसंबत नाही. एकाच परिसरातल्या अनेक झाडांच्या अरुंद-रुंद पट्ट्यांचा क्रम एकमेकांशी जुळवतात, तेव्हा खोटी वर्तुळं उघडी पडतात.

हे काम पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने चाळीसेक वर्षांपूर्वीच हाती घेतलं. गोविंद बल्लभ पंत आणि हेमंत बोरगावकर यांनी ठाणे परिसरातल्या सागाची वर्तुळं आणि तिथलं हवामान यांवरचा अभ्यास 1983 साली मांडला. पुढे बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागावरून 1481 ते 2003 अशी सलग 523 वर्षांची मालिका उभी केली. एल निनो आणि तुटीचा पाऊस जोडीने आले, त्या वर्षी तिथल्या सागाची वाढ खुंटलेली दिसते. मोसमी पावसाची पद्धतशीर मोजणी एकोणिसाव्या शतकातली. त्यामागची साडेतीनशे वर्षं या मालिकेने खुली केली.

भाची पुन्हा ओंडक्याशी वाकली आणि सालीकडून आत, बोटाने एकेक ओळ मोजू लागली. मिस्त्रींना मात्र घाई होती; चौकटीचं माप घेऊन गिऱ्हाईक दारात उभं होतं. उद्या पहाटेच्या गाडीने पुणे. तिथे पाषाणला, याच संस्थेत जायचं आहे.

(क्रमशः)