आवक टपाल

गेल्या दिवाळीत नातीने आमच्या संगणकावर एक नवा मदतनीस बसवून दिला. आमच्या डोळ्यांना काचबिंदू. त्यामुळे अर्जातील रकाना कोणता नि बटण कोणते, हे अलीकडे उमगेनासे झाले आहे. आणि वीजबिल, निवृत्तिवेतनाचा तपशील, रेल्वेचे आरक्षण, सारेच आता संकेतस्थळांवर गेलेले. "आजोबा, तुम्ही फक्त सांगा. तो बघेल आणि तोच भरेल," असे ती म्हणाली. उभी हयात इतरांच्या कागदांवर 'पाहून सादर करा' असा शेरा मारण्यात घालवलेल्या माणसाला हे ऐकून बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

असे मदतनीस आधी नुसती उत्तरे देत. त्यांना हात फुटले ते अलीकडे. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक कंपनीने आपल्या 'क्लॉड'ला संगणक हाताळण्याची सोय दिली. जानेवारी २०२५ मध्ये ओपनएआयने 'ऑपरेटर' आणला. रीत ऐकण्यास सोपी आहे. पडद्याचे चित्र घ्यायचे, त्यावरील मजकूर आणि बटणे ओळखायची, कोठे दाबायचे ते ठरवून दाबायचे आणि काय बदलले हे पाहण्यासाठी पुन्हा चित्र घ्यायचे. आमच्या पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला तेव्हा आम्ही खुर्ची थोडी मागे सरकवली. काही मिनिटांत वीजबिल पैसे भरण्याच्या पायरीपर्यंत येऊन थांबले.

त्याच वेळी आम्हांला इंदूरच्या कार्यालयातील आमचे पहिले टेबल आठवले. ते आवक टपालाचे होते. येणाऱ्या प्रत्येक अर्जात काही ना काही हुकूम असायचाच: 'अत्यंत तातडीचे', 'ताबडतोब मंजूर व्हावे'. एका चतुर अर्जदाराने तर समासात लाल शाईने, साहेबी वळणात, 'मान्य, आदेश काढावेत' असे लिहून ठेवले होते. आम्ही नवखे. तो साहेबांचाच शेरा समजून आदेशाचा मसुदा तयार केला. तो बडे बाबूंच्या हाती पडला म्हणून निभावले. ते एवढेच म्हणाले, "बेटा, कागज को पढ़ना है, उसका हुक्म नहीं बजाना."

या यंत्राची नेमकी हीच अडचण आहे. आमची सूचना आणि संकेतस्थळावरील मजकूर, दोन्ही त्याच्यापुढे शब्द म्हणूनच येतात. कोणते शब्द मालकाचे आणि कोणते परक्याचे, हा भेद त्याला खात्रीने करता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये 'ब्रेव्ह' या ब्राउझरच्या संशोधकांनी पर्प्लेक्सिटीच्या 'कॉमेट'वर हे दाखवून दिले. पानाचा सारांश सांग, एवढेच त्याला सांगितले होते. त्या पानात दडवलेल्या सूचना वाचून तो वापरकर्त्याच्या टपालपेटीत शिरला आणि तेथील एकवेळचा परवलीचा अंक त्याने परस्पर बाहेर दिला. त्याच महिन्यात अँथ्रोपिकने आपल्या चाचणीचे आकडे दिले: अशा फसवणुकीचे २३.६ टक्के प्रयत्न यशस्वी होत होते, बचावाचे उपाय योजल्यावर ते ११.२ टक्क्यांवर आले. निम्म्याहून अधिक घट झाली खरी. परंतु नऊ अर्जांमागे एका अर्जदाराचा लाल शेरा खरा मानणारा लिपिक आम्ही तरी आवक टेबलावर एकटा बसवला नसता.

यावर तोडगा म्हणून, पैसे देण्यापूर्वी किंवा अर्ज पाठवण्यापूर्वी यंत्राने मालकाची संमती घ्यावी, असे ठरवलेले असते. व्यवस्था योग्य आहे. फक्त सही करणारा माणूस कसा असतो, हे आम्ही जाणतो. पुढे आम्ही अधिकारी झालो. मार्चअखेरीच्या एका संध्याकाळी ढिगातील शेवटच्या नस्त्यांवर आम्ही न वाचता सह्या केल्या. त्यांपैकी एकीत एका विधवेच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाचा आदेश होता आणि तिच्या पतीच्या नावात एक अक्षर चुकले होते. ते दुरुस्त होईपर्यंत सात महिने गेले. ती बाई कार्यालयात आली, तेव्हा तिने आम्हांला एका शब्दाने दोष दिला नाही. लिपिकाची चूक, असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. सही मात्र आमची होती.

यंत्र दहा वेळा 'पुढे जाऊ का?' असे विचारील. अकराव्या वेळी आम्ही न वाचताच होकार देऊ, ही भीती आम्हांला यंत्राहून स्वतःविषयी अधिक आहे. आणि ज्या डोळ्यांनी ते वाचायचे, त्या डोळ्यांच्या दुबळेपणामुळेच तर ते घरात आले.

नातीला आम्ही नको म्हटले नाही. भरण्याचे काम त्याने करावे. बँकेचे खाते आणि टपालपेटी मात्र त्याच्यापासून दूर ठेवली आहे. त्या दिवशी शेवटच्या पायरीवर आम्ही खणातून भिंग काढले, ग्राहक क्रमांकाचा एकेक अंक जुन्या बिलाशी ताडून पाहिला आणि मग बटण दाबले. यंत्राने काही मिनिटांत केलेल्या कामाला आमची अर्ध्या तासाची सही लागली. ती बाई आली होती, त्या दिवसापासून हा अर्धा तास आमच्याकडे बाकी होता.