काल आणि काळ

‘मला आवाज ऐकू येतो’ या वाक्याचा कर्ता कोण, हा प्रश्न आम्ही पदवीच्या वर्गाला दर वर्षी घालत असू. बहुतेक मुले ‘मी’ असे उत्तर देत. मग ‘येतो’ हे क्रियापद कोणाशी जुळते ते दाखवून आम्ही त्यांना ‘आवाज’ या कर्त्यापाशी आणून सोडत असू. मराठीच्या लेखी ऐकू येणे हे आवाजाने करावयाचे काम आहे. माणसाने तिथे नुसते असायचे. ३४ वर्षे आम्ही हे विवेचन केले आणि त्यात काही उणे आहे असे कधी वाटले नाही. ते उणे आम्हाला वयाच्या सत्तराव्या वर्षी डाव्या कानामागे बसलेल्या एका यंत्राने दाखवले.

आम्ही शिवाजी पार्कला राहतो. महापालिकेने १९२५ साली लोकांसाठी खुले केलेले हे मैदान आमच्या गॅलरीसमोर आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली ते शांतता क्षेत्र ठरवले. अशा क्षेत्रात दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलच्या वर आवाज जाऊ नये असा नियम आहे. पुढे चारच वर्षांत, आमच्यापुरती, या नियमाची कडेकोट अंमलबजावणी झाली. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत उतरू लागलेली श्रवणशक्ती २०१४ साली जवळजवळ संपली. श्रवणयंत्राने आवाज मोठा होई, पण शब्द होत नसे. तेव्हापासून घरातला संवाद वहीवर आला. पत्नी लिहीत असे, आम्ही बोलत असू. डिसेंबर २०२२ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया झाली, तोवर अशा १९ वह्या भरल्या होत्या.

या यंत्राचे काम थोडक्यात सांगायला हवे. आपल्या अंतर्कर्णात शंखासारखी, सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. निरोगी कानात तिच्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास अंतःकेशपेशी आवाजाची पट्टी आपापसांत वाटून घेतात. तार स्वर नळीच्या तोंडाशी, मंद्र स्वर टोकाशी. आमच्या शंखात आता त्या जागी २२ इलेक्ट्रोड आहेत. कानामागचा प्रोसेसर आवाज टिपतो, त्याचे पट्टे पाडतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेल्या चकतीतून ते आत धाडतो. तिथून श्रवणमज्जातंतूला विजेचे ठोके मिळतात. पॅरिसमध्ये जूर्नो आणि एरिएस यांनी १९५७ साली एका बहिऱ्या माणसाचा हा मज्जातंतू प्रथम विजेने चेतवला. मेलबर्नच्या ग्रॅहम क्लार्क यांनी अनेक इलेक्ट्रोडांचे आपले यंत्र १९७८ साली पहिल्यांदा बसवले. एवढ्या वळणांत तार शिरवायची कशी, हा त्यांच्यापुढचा पेच होता. आदल्या वर्षी समुद्रकाठी एका शंखात गवताची पाती सरकवून पाहताना तो सुटला. दादरच्या चौपाटीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही कथा विशेष जवळची वाटते.

शस्त्रक्रियेनंतर महिन्याभराने यंत्र सुरू करतात. त्या दिवशी पत्नीने समोर बसून विचारले, ‘अहो, ऐकू येतंय का?’ ओठांवरून आम्ही ते ओळखले. कानात मात्र पत्र्याच्या डब्यात चिंचोके हलवावेत तसे काही झाले. घरी परतताना कॅडल रोडवरची वाहने, जिन्यातली पावले आणि शेजाऱ्यांची दारावरची घंटा हे सारे एकाच जातीचे चिंचोके होते. पुढे ते हळूहळू वेगळे होत गेले. कुकरची शिट्टी, मैदानातला चेंडू बॅटवर बसल्याचा टणत्कार, कागदाची चुरचुर, असे एकेक आवाज आपले नाव सांगू लागले. काही आवाज अजून सांगत नाहीत. कोकीळ आम्हाला दारावर टकटक केल्यासारखी ऐकू येते. उद्यान गणेशाच्या देवळातली घंटा वाजते, पण तिच्यामागून येणारा लांबता नाद येत नाही. ‘ध्वन्यालोका’त व्यंग्यार्थासाठी अनुरणनाची उपमा आहे. घंटेवर आघात होऊन गेल्यावर जे रेंगाळते, तसा तो अर्थ. आमच्या वाट्याला सध्या आघात आहे, अनुरणन नाही.

ऑडिओलॉजिस्ट बाईंनी सरावासाठी शब्दांच्या जोड्या दिल्या : गाल-गाळ, वेल-वेळ, ताप-टाप, दात-दाट. पत्नीने वहीने तोंड झाकून एक शब्द म्हणावयाचा, आम्ही तो ओळखावयाचा. यांपैकी काल-काळ या जोडीने आम्हाला जेरीस आणले. वाक्यात अडचण नव्हती. ‘काल पाऊस झाला’ यात काळ येऊ शकत नाही हे भाषाच सांगे. सुटा शब्द आला की आम्ही आंधळे. तेव्हा लक्षात आले की हे ऐकणे मोडी वाचण्यासारखे आहे. मोडीत इ-उ या स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घ पाळले जात नाही, शब्दांमध्ये जागा सुटत नाही, विरामचिन्हे नसतात. वाचणाऱ्याला मजकुराचा विषय, लिहिणाऱ्याची रीत आणि भाषा ठाऊक असेल तर कागद बोलतो. नाही तर ती नुसती वळणे राहतात. मोडी कागद कोणाला ‘दिसून’ वाचला जात नाही, तो वाचावा लागतो. तसे आमचे ऐकणे. कर्ता ‘आवाज’ असलेले ते जुने वाक्य आम्हाला आता लागू नव्हते.

विरामचिन्हांची गोष्ट अधिक गंभीर निघाली. एका सकाळी पत्नी देवळात जाताना दारातून म्हणाली, ‘गॅस बंद केला’. आम्ही मान डोलावून वर्तमानपत्रात परतलो. तिने ते विचारले होते. दूध उतू गेले, पातेले जळले, आणि धूर जिन्यात गेल्यावर शेजारी आले. शब्द तिन्हीच्या तिन्ही बरोबर ऐकले होते. हरवला होता तो शेवटच्या अक्षरावरचा चढ. मराठीत ‘का’ न लावता नुसत्या सुराने प्रश्न विचारता येतो, आणि सुराचा चढउतार ही या यंत्राची सर्वांत दुबळी बाजू आहे. वहीत ही अडचण नव्हती. पत्नीची प्रश्नचिन्हे ठसठशीत असत. मराठी गद्यात विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय मेजर कँडी यांना दिले जाते. वह्यांच्या आठ वर्षांत आम्ही कँडींच्या कृपेने जगलो आणि शब्द ऐकू येऊ लागताच पुन्हा कँडीपूर्व काळात जाऊन पडलो.

संस्कृत काव्यशास्त्रात या हरवलेल्या वस्तूला नाव आहे : काकू. शोक, भय इत्यादींमुळे आवाजात होणारा पालट, असा अर्थ अमरकोश देतो. रुद्रटाने काकुवक्रोक्ती हा शब्दालंकार मानला. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त त्यावर आक्षेप घेतला की काकू हा अभिप्राय असलेला पाठधर्म आहे, म्हणण्याची रीत आहे, तो अलंकार कसा होईल? हा वाद आम्ही वर्गात अनेकदा रंगवला. ‘काकू’ शब्दावर मुले हसत, आम्हीही हसत असू. मनातून आम्ही रुद्रटाच्या बाजूचे होतो. आता निकाल राजशेखराच्या बाजूने द्यावा लागतो. अलंकार उतरवून ठेवता येतो. ‘वा, छान केलंत!’ या पत्नीच्या तीन शब्दांतून काकू काढून घेतली की मागे जे उरते त्याचा अर्थ नेमका उलटा असतो. त्या जळलेल्या पातेल्यापाशी ती हेच म्हणाली आणि क्षणभर आम्हाला खरोखर बरे वाटले.

सगळेच गेले असेही नाही. ६ डिसेंबर २०२३ रोजी चैत्यभूमीला आलेल्या गर्दीतून आम्ही नेहमीप्रमाणे मैदानातल्या पुस्तकांच्या स्टॉलांवर गेलो. एका स्टॉलवर भीमगीते लागली होती. चाल आम्हाला मुळीच कळली नाही. वर जाणारा आणि खाली येणारा स्वर एकाच उंचीवर उभे होते. ढोलकी मात्र बोट न् बोट वेगळे दाखवीत आली. यंत्र काळाचे माप चोख देते, उंचीचे देत नाही. नात मनाचे श्लोक म्हणते तेव्हा शब्द कळण्याआधी आम्हाला ‘लगागा लगागा लगागा लगागा’ कळते. भुजंगप्रयात शाबूत आहे. वृत्त हा कवितेचा सांगाडा आणि चाल हे तिचे शरीर, असे आम्ही शिकवत आलो. सांगाडा हाती आल्यावर तोही कमी सुंदर नाही, असे म्हणण्याइतका समजूतदारपणा आमच्यात काही दिवस असतो, काही दिवस नसतो.

कट्ट्यावरची मंडळी आमच्या येण्याने आनंदली. मैदानात भिंतींचा प्रतिध्वनी नाही, म्हणून एकाशी एक बोलणे तिथे सोपे जाते. चौघे एकदम बोलू लागले की चिंचोके पुन्हा एकाच डब्यात जातात. समुद्राकडून वारा सुटला की मायक्रोफोनवर नुसती घरघर होते. पावसाळ्यात रोज रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत कोरडे करावे लागते. बसमध्ये आडव्या दांडीजवळ डोके गेले की चकती डोके सोडून दांडीला चिकटते आणि आम्ही वाक्याच्या मध्यावर शांतता क्षेत्रात परततो. या गोष्टींची सवय होते.

मॅपिंगसाठी, म्हणजे यंत्राची जुळणी तपासायला जाताना, प्रतीक्षाकक्षात एक चार-पाच वर्षांची मुलगी भेटत असे. जन्मतः बहिरी, दुसऱ्या वर्षी इम्प्लांट झालेले. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली स्थापन झालेली. केंद्र शासनाच्या योजनेतून लहान मुलांना मिळणाऱ्या इम्प्लांटचे समन्वयाचे काम ती पाहते. ही मुलगी त्याच योजनेतली. आईने पाठीमागून हाक मारली की ती मान वळवून हसे. आमच्यासारखी ती कशाशीही ताडून पाहत नव्हती. २२ इलेक्ट्रोडांतून आलेला आवाज हाच तिच्या आईचा आवाज, त्याच्यामागे दुसरे मूळ नाही. आम्ही मोडीखाली सतत देवनागरी शोधत होतो. तिला मोडी हीच लिपी होती. तिच्याकडे काल नव्हता, म्हणून तिला काळाची भीती नव्हती.

आमच्याकडे काल होता, आणि त्याने काय केले ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. यंत्र सुरू झाल्यानंतर पाचव्या महिन्यात, सकाळी स्वयंपाकघरातून ‘चहा गार होतोय’ असे आले आणि ते पत्नीच्या आवाजात आले. चिंचोके नव्हते. तिचाच तो आवाज, किंचित सानुनासिक, कोजागरीला गच्चीवर भावगीते म्हणणारा. आम्ही उठून तिला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘पण माझा आवाज आता तसा नाही.’

२०१८ साली तिची थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली होती. त्यानंतर आवाज घोगरा झाला, तो तसाच राहिला. वरच्या पट्टीत तो जात नाही. तिने गाणे सोडले. नातीला विचारले, तर तिला आजीचा दुसरा आवाज ठाऊकच नव्हता. आम्ही २०१८ ची वही काढली. तीत तपासण्यांच्या तारखा होत्या, गोळ्यांची नावे होती, बिलाची बेरीज होती, ‘तुम्ही जेवून घ्या’ असे दोनदा होते. आवाजाविषयी एक अक्षर नव्हते. का लिहिले नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, ‘तुम्हाला ऐकूच येत नव्हतं, तर सांगून काय करायचं होतं?’ यातली काकू आम्हाला ऐकू आली नाही. ती कोणती असेल हे मात्र कळले.

म्हणजे त्या सकाळी आम्ही जे ऐकले ते कोणी बोलले नव्हते. यंत्राने शब्द दिले आणि स्मृतीने त्यांवर २०१४ पूर्वीचा आवाज चढवला. मोडीचा सराव असलेला वाचक कधी कधी कागदावर नसलेला, अपेक्षित शब्द वाचून जातो, त्यातला प्रकार. वाचकावाचून संहिता अपुरी असते, हे आम्ही वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत असू. वाचक संहितेला झाकूनही टाकतो, हे त्याच उत्साहाने सांगायला हवे होते. समोरच्या बाईचा आवाज बसला, तिचे गाणे गेले, आणि आम्ही तिला तिचाच जुना आवाज परत मिळाल्याची बातमी देत होतो.

तेव्हापासून सरावाची पद्धत बदलली आहे. शब्दांच्या जोड्या ठेवून दिल्या. रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर पत्नी त्या १९ वह्यांतले एक पान मोठ्याने वाचते. स्वतःच लिहिलेली वाक्ये, आजच्या आवाजात. आम्ही शेजारी बसून तेच पान पाहत असतो. प्रश्नचिन्ह आले की ती थांबून तो चढ दुसऱ्यांदा म्हणते. घोगरेपणा पकडायचा असतो. कधी एखाद्या शब्दाच्या कडेला काही खरखरीत लागते. ते यंत्राचे की तिचे, हे ठरत नाही. बहुतेक वेळा जुना आवाजच येऊन बसतो आणि त्याला मुद्दाम बाजूला करावे लागते. तो बाजूला होताना वाईट वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही.

गेल्या आठवड्यात २०१८ ची वही सुरू झाली. ‘आज टाके काढले. पथ्य काही नाही.’ एवढे वाचून ती थांबली आणि म्हणाली, ‘गाणं थांबलं.’ आम्ही पानावर बोट फिरवून पाहिले.

‘हे इथे लिहिलेलं नाही,’ आम्ही म्हणालो.

‘नाही,’ ती म्हणाली. ‘आत्ता म्हटलं.’